टर्बियमच्या नॅनोकणांनी जिवाणूंचे बीजाणू कसे ओळखायचे: कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल अशी पद्धत

रेअर अर्थच्या (टर्बियम, युरोपियमसारखे धातू, यांनाच लँथनाइड म्हणतात) चमकणाऱ्या नॅनोकणांवर प्रोजेक्ट करायचाय असं म्हणणारे एमएस्सीचे विद्यार्थी बरेच भेटतात, आणि बहुतेकांना पहिल्याच दिवशी कॅन्सरचं प्रोटीन किंवा व्हायरस पकडायचा असतो. माझा आग्रह असतो की सुरुवात डीपीएपासून करा. डीपीए म्हणजे डायपिकोलिनिक अ‍ॅसिड, बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे जे बीजाणू असतात त्यांच्या कोरड्या वजनाच्या ५ ते १५ टक्के हाच एक रेणू असतो, कॅल्शियमसोबत आत गच्च भरलेला. अँथ्रॅक्सचा बीजाणू असो की आपल्या मातीतला निरुपद्रवी बॅसिलस सबटिलिस, दोघांच्यात हा असतोच. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली त्यानंतर यावर भरपूर काम झालं, पण आपल्याला तो धोकादायक जंतू लागतच नाही, सबटिलिसवर सगळं शिकता येतं आणि अँटिबॉडीचा खर्चही वाचतो.

आधी हे चालतं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक स्टेपचं कारण इथे आहे.

टर्बियमचा आयन हिरवा उजेड देतो, ४९०, ५४५, ५८५ आणि ६२० नॅनोमीटरला चार बारीक पट्टे, त्यातला ५४५ चा सगळ्यात जोरदार. पण हा आयन स्वतः प्रकाश शोषायला अतिशय आळशी. त्याचा मोलर अ‍ॅब्झॉर्प्शन (प्रकाश किती शोषतो त्याचं माप) १ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि डीपीएचा काही हजार. म्हणजे डीपीए येऊन टर्बियमला चिकटला की तो २७० ते २८० नॅनोमीटरचा यूव्ही शोषतो आणि ती ऊर्जा टर्बियमच्या हवाली करतो, अँटेनासारखा. युरोपियमच्या कॉम्प्लेक्समध्ये हा प्रकार वाइसमन यांनी १९४२ मध्येच दाखवला होता. डीपीएला धरायचे हात तीन, मधला नायट्रोजन आणि दोन बाजूंचे कार्बोक्सिलेट, त्यामुळे तो नुसता चिकटत नाही, टर्बियमला लागून बसलेल्या पाण्यालाही हाकलतो. आणि हे महत्त्वाचंय, कारण पाण्याचा ओ-एच बंध टर्बियमची ऊर्जा कंपनांत जिरवून टाकतो, युरोपियमची तर त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट वेळेची. रक्त, पेशी, मीडिया, प्रोटीन या सगळ्यांची स्वतःची चमक असते पण ती काही नॅनोसेकंदांत विझते, टर्बियमची चमक मिलिसेकंदाच्या घरात टिकते. तर दिव्याचा झोत मारायचा, ०.१ मिलिसेकंद नुसतं थांबायचं आणि मग डिटेक्टर उघडायचा. १० नॅनोसेकंद जगणाऱ्या चमकेसाठी हे थांबणं तिच्या आयुष्याच्या दहा हजार पट होतं, म्हणजे तिचं काही म्हणता काही उरत नाही, आणि टर्बियम मात्र अजून जवळजवळ पूर्ण जोरात असतो. फिनलंडमधल्या तुर्कूच्या एर्की सोइनी आणि इल्का हेम्मिला यांनी १९७९ मध्ये लँथनाइड वापरून असं मोजायची बाजू मांडली, त्यातूनच पुढे डेल्फिया नावाची पद्धत आली, नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) मोजायला ती वापरतात.

आता मग नुसतं टर्बियम क्लोराइड टाकलं तर चालणार नाही का? चालतं, आणि हा प्रश्न व्हायव्हात येणारच. नुसता आयनही डीपीएने चमकतो. कणाचा फायदा असा की एका कणावर शेकडो टर्बियम बसतात, कण सेंट्रीफ्यूजने किंवा फिल्टरने वेगळा काढता येतो, कागदावर बसवता येतो, त्याच्या पोटात लाल चमकणारा युरोपियम ठेवून लाल-हिरव्याचं गुणोत्तर काढता येतं आणि पुढे त्यावर अँटिबॉडी लावता येते. पण हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा उजेड कणावरून येतोय, कणातून सुटलेल्या आयनाचा नाही. माझ्या मते या अख्ख्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच बहुतेक जण तपासत नाहीत. तो कसा तपासायचा ते खाली आहे.

तयारी

काचसामान साबणाने धुतलं असेल तर परत धुवा. बऱ्याच साबणांत फॉस्फेट असतं आणि फॉस्फेट हा लँथनाइडचा हाडवैरी, दिसला की धरून टर्बियम फॉस्फेट बनवतो. १० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर ठेवून मग डीआयोनाइज्ड पाण्याने चार-पाचदा खळबळून घ्यायचं. फ्लोराइडच्या कामाला शक्यतो पॉलिप्रॉपिलीनचे बीकर घ्या.

टर्बियम आणि लँथॅनमचे नायट्रेट पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, बाटली दोन-तीनदा उघडली की ओलावा धरून लगदा होतात. मग वजन करण्याला काही अर्थच राहत नाही. त्यामुळे बाटली आली की एकदाच पाण्यात ०.१ मोलरचा स्टॉक करून टाका, आणि झायलेनॉल ऑरेंज टाकून पीएच साडेपाचच्या आसपास ईडीटीएने टायट्रेट करून खरं कॉन्सन्ट्रेशन काढा, बीएस्सीला केलेलंच टायट्रेशन आहे, अर्धा तास लागतो. टर्बियम स्वस्त नाही हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे पण त्यात सिरियम, लँथॅनम, निओडिमियम भरपूर आणि टर्बियम अगदी किंचित. म्हणून आपण कणाचा ९० टक्के भाग लँथॅनमचा ठेवतोय आणि १० टक्केच टर्बियम.

कण बनवणं

लँथॅनम फ्लोराइड का, तर ते पाण्यात विरघळत नाही, त्याच्या जाळीची कंपनं खूप मंद असतात त्यामुळे आतल्या टर्बियमची ऊर्जा वाया जात नाही, आणि बनवायला भट्टी लागत नाही, ७५ डिग्रीचं पाणी पुरतं.

२ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड ३५ मिली पाण्यात विरघळवा. फ्यूम हूडमध्ये थेंबथेंब अमोनिया टाकून पीएच ७ वर आणा, २५ टक्क्यांचा अमोनिया असेल तर साधारण दोन मिलीच्या आसपास लागतो. पीएच ७ झाला हे मीटरवर बघितल्यावरच १२६ मिलीग्रॅम सोडियम फ्लोराइड टाकायचं. हा क्रम उलटा कधीच करू नका. आंबट द्रावणात फ्लोराइड पडलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ग्लोव्हज घाला, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लॅबमध्ये आहे का ते काम सुरू करायच्या आधी विचारा, नसेल तर मागवा आणि तोपर्यंत थांबा.

द्रावण झाकून ७५ डिग्रीला आणा, ढवळत ठेवा. वेगळ्या बाटलीत ०.९ मिलीमोल लँथॅनम नायट्रेट आणि ०.१ मिलीमोल टर्बियम नायट्रेट एकत्र करा, म्हणजे ०.१ मोलरच्या स्टॉकमधून ९ मिली आणि १ मिली. स्टॉक न करता घन वजन करणार असाल तर दोन्ही हेक्साहायड्रेट धरून ३९० आणि ४५ मिलीग्रॅम, पण बाटलीवर पेंटाहायड्रेट लिहिलंय की हेक्सा ते वाचा. हे मिश्रण दहा-पंधरा मिनिटं लावून थेंबथेंब सोडायचं. एकदम ओतलं तर मोठे गोळे होतात आणि ते तळाला बसतात. मग दोन तास तसंच ७५ डिग्रीला. मध्ये एकदा पीएच बघा, गरम पाण्यातून अमोनिया उडतो आणि पीएच खाली घसरतो. शेवटी द्रावण जवळजवळ पारदर्शक, उजेडात धरलं की किंचित निळसर-दुधी दिसायला हवं. दह्यासारखं झालं असेल तर ते फेका आणि परत करा, त्यात दुरुस्ती होत नाही.

धुणं, म्हणजे खरी परीक्षा

थंड झालं की दुप्पट-तिप्पट इथेनॉल टाका, कण खाली येतात. ८,००० ते १०,००० आरपीएमला दहा मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता, कण पाण्यात परत मिसळा, परत इथेनॉल. असं कमीत कमी तीनदा. इथे कंटाळा करू नका, कारण मोकळं सायट्रेट राहिलं तर ते टर्बियमच्या जागा अडवून डीपीएशी भांडत बसतं.

शेवटी २० मिली पाण्यात घ्या. सगळं मिळालं असं धरलं तर हे जास्तीत जास्त १० मिलीग्रॅम प्रति मिली होतं, प्रत्यक्षात धुताना थोडं जातं, म्हणून १ मिली वाळवून वजन करा आणि तो आकडा बाटलीवर लिहा. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणं) आणि टीईएमची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सोय असेल तर दोन्ही करा, एक्सआरडीत लँथॅनम फ्लोराइडचे हेक्सागोनल पीक रुंद दिसले पाहिजेत, रुंद म्हणजे कण लहान.

आता मघाशी म्हटलं ती तपासणी. कणांचं पातळ द्रावण बफरमध्ये एक तास ठेवा, मग कण पूर्ण खाली बसतील असं फिरवा. इतके लहान कण साध्या सेंट्रीफ्यूजला दाद देत नाहीत, तेव्हा ३ किंवा १० किलोडाल्टनचा सेंट्रीफ्यूज फिल्टर वापरा. खाली गळलेल्या स्वच्छ पाण्यात १ मायक्रोमोलर डीपीए टाका आणि ५४५ ला मोजा. इथे जोरात हिरवं आलं तर तुमचे कण टर्बियम गाळतायत आणि तुम्ही पुढे जे काही मोजाल ते साध्या टर्बियमच्या मिठाचं असेल. परत धुवा, परत तपासा. एका विद्यार्थिनीचे सहा महिन्यांचे ग्राफ अप्रतिम सरळ रेषेत होते आणि ही एक तपासणी केल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त उजेड गळलेल्या आयनाचा होता, तिला परत सुरुवात करावी लागली आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं, कारण ही एका दुपारची तपासणी तिला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितली असती तर ते महिने वाचले असते. म्हणून एवढं ताणून सांगतोय.

फ्लोरोमीटर लावणं

क्युव्हेट क्वार्ट्झचाच हवा. साधी काच आणि पॉलिस्टायरीनच्या प्लेट २८० नॅनोमीटरचा यूव्ही गिळतात.

मग एक्सायटेशन, म्हणजे आत सोडायच्या यूव्हीची तरंगलांबी, किती ठेवायचं? बरेच जण २७२ ठेवतात कारण डीपीए तिथे छान शोषतो. पण २७२ ची दुप्पट किती, ५४४! ग्रेटिंगमधून सेकंड ऑर्डरचा (दुप्पट तरंगलांबीच्या जागी दिसणारा) विखुरलेला प्रकाश नेमका टर्बियमच्या पीकवर येऊन बसतो आणि ब्लँकमध्येसुद्धा (रिकाम्या नमुन्यात) "टर्बियम" दिसतो. कणांचं द्रावण असल्यामुळे प्रकाश विखुरतोही जास्त. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. एक्सायटेशन २७८ ठेवा म्हणजे तो भुताचा पीक ५५६ ला सरकतो आणि वेगळा ओळखू येतो, आणि एमिशनच्या बाजूला ३९० किंवा ४०० च्या आसपासचा लाँगपास फिल्टर लावा.

मशीनला फॉस्फोरेसन्स मोड किंवा टाइम-गेटिंग (झोतानंतर थांबून मग मोजणं) असेल तर डिले ०.१ मिलिसेकंद, गेट २ मिलिसेकंद इथून सुरुवात करा. डिले अजून कमी करायचा मोह होतो पण झेनॉन फ्लॅशलाच एक शेपूट असतं, ते विझू द्यायला हवं. फक्त बफर, फक्त कण, फक्त डीपीए असे तीन ब्लँक वेगवेगळे मोजून बघा. कागदावर काम करणार असाल तर कागदाची स्वतःची लांब टिकणारी चमकही असू शकते, तिथे गेटिंग तुम्हाला वाचवत नाही, ब्लँकच वाचवतो. आणि मशीनला गेटिंग नसेलच तर फिल्टर लावून साध्या मोडमध्येही बफरमधली सगळी मोजणी होते, मीडियामध्ये किंवा सीरममध्ये मात्र अवघड जातं.

बफर हेपीस, १० मिलीमोलर, पीएच ७.४. पीबीएस नको, अजिबात नको, तो फॉस्फेटचाच बफर, बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हात आपोआप पीबीएसच्या बाटलीकडे जातो. पीएच ८ च्या वरही जाऊ नका, तिथे टर्बियम हायड्रॉक्साइडच्या वाटेला लागतो.

कॅलिब्रेशन

डीपीएचा १ मिलीमोलर स्टॉक म्हणजे १६.७ मिलीग्रॅम १०० मिलीत, पटकन विरघळला नाही तर सोडियम हायड्रॉक्साइडचा एखादा थेंब.

कण किती घ्यायचे याचा अंदाज असा काढा. ०.१ मिलीग्रॅम प्रति मिली कणांत एकूण लँथनाइड साधारण ०.५ मिलीमोलर, त्यातला दहावा हिस्सा टर्बियम म्हणजे ५० मायक्रोमोलर, आणि त्यातलाही पृष्ठभागावर असलेला भागच डीपीएला धरू शकतो. म्हणजे रेषा काही मायक्रोमोलरपर्यंत सरळ जाईल आणि नंतर वाकेल. वाकली की घाबरू नका, जागा भरल्या एवढाच त्याचा अर्थ, फक्त वाकलेला भाग सरळ रेषेत कोंबू नका. कण वाढवून रेंज वाढवायला गेलात तर द्रावण गढूळ होऊन यूव्ही आतपर्यंत पोचतच नाही.

० पासून १०, २०, ५०, १००, २००, ५०० नॅनोमोलर आणि मग १, २, ५ मायक्रोमोलर. प्रत्येक तीनदा, आणि तीनदा म्हणजे तीन वेगळ्या नळ्या, एकच नळी तीनदा मोजणं नाही. मिसळल्यावर किती वेळाने मोजायचं ते आधी एका नळीवर दर मिनिटाला मोजून ठरवा, आकडा स्थिर झाला की तोच वेळ सगळ्यांना. एका पीकच्या टोकापेक्षा ५३५ ते ५५५ मधलं क्षेत्रफळ घ्या. ब्लँक दहादा मोजून त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, त्याच्या तिप्पटीला उताराने भागलं की डिटेक्शन लिमिट. हा आकडा फक्त तुमच्या बफरमधला आहे, बीजाणूंच्या खऱ्या नमुन्यातला वेगळा येणार, थीसिसमध्ये दोन्ही लिहा.

आता दुसरं कोण येऊन दिवा लावतंय का ते बघायला बेंझोइक अ‍ॅसिड, निकोटिनिक अ‍ॅसिड, थॅलिक अ‍ॅसिडचे तिन्ही प्रकार, सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि ट्रिप्टोफॅन घ्या, डीपीएच्या दहापट. आणि दुसऱ्या बाजूने, डीपीए असताना फॉस्फेट, सायट्रेट, एटीपी टाकून उजेड किती पडतो तेही. हा दुसरा भाग लोक गाळतात. बीजाणूंच्या अर्कात फॉस्फेट असतंच असतं.

खरे बीजाणू

बॅसिलस सबटिलिस मायक्रोबायोलॉजी विभागात मिळेल, नाहीतर पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएमसारख्या कल्चर कलेक्शनमधून मागवता येतो. मँगनीज घातलेल्या स्पोरुलेशन मीडियावर ३७ डिग्रीला तीन ते पाच दिवस. बीजाणू झालेत का ते मॅलकाइट ग्रीनच्या स्टेनने बघा, हिरवे बीजाणू आणि लाल पेशी. मग थंड डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा धुवा, म्हणजे मीडियातलं फॉस्फेट आणि बाहेर सुटलेला डीपीए जातो. मोजून मिलीला १ कोटी बीजाणू असं पाण्यात करा.

डीपीए बाहेर काढायला १२१ डिग्रीला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. थंड करा, फिरवा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आणि तो अर्क हेपीसमध्ये दहापट पातळ करून कणांत टाका. आकडा पटतोय का ते हिशोबाने बघा. एका बीजाणूत डीपीएचे दहा कोटींहून जास्त रेणू असतात, तर मोजताना मिलीला १० लाख बीजाणूंचा ऐवज असेल तर ०.२ मायक्रोमोलरच्या आसपास किंवा काही पट जास्त यायला हवं. ५० मायक्रोमोलर आलं तर आनंद मानू नका, काहीतरी दूषित आहे.

कंट्रोल दोन लागतातच. एक, तेच बीजाणू पण ऑटोक्लेव्ह न करता, त्यांच्यात डीपीए आत कोंडलेला असतो म्हणून उजेड जवळजवळ शून्य यायला हवा. दोन, बीजाणू न झालेल्या साध्या पेशी, ऑटोक्लेव्ह करून. मला हा पहिला कंट्रोल फार आवडतो, तेच बीजाणू, तीच नळी, आधी अंधार आणि ऑटोक्लेव्हनंतर २५४ च्या यूव्ही दिव्याखाली डोळ्यांना दिसेल असा हिरवा. चष्मा घालून बघा, हा यूव्ही डोळ्यांना वाईट.

फॉस्फेटमुळे अर्कातला उजेड दबतो, त्यामुळे बफरमधल्या रेषेवरून थेट वाचू नका. स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा, म्हणजे त्याच अर्काच्या चार नळ्यांत माहीत असलेला डीपीए चढत्या प्रमाणात टाकायचा आणि रेषा मागे वाढवून मूळ किती होता ते काढायचं. दोन पद्धतींच्या उत्तरांत किती फरक पडतो तेच तुमच्या नमुन्यातल्या अडथळ्याचं माप.

इथून प्रोटीनकडे

डीपीएची युक्ती प्रोटीनला चालत नाही, कारण प्रोटीन असा अँटेना होऊन बसत नाही. तिथे कणाला नुसतं लेबल म्हणून वापरायचं, प्लेटवर एक अँटिबॉडी, मध्ये प्रोटीन, वर कण लावलेली दुसरी अँटिबॉडी. त्यासाठी कणावर सिलिकाचा थर, त्यावर कार्बोक्सिल, मग ईडीसी आणि एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी अँटिबॉडी जोडायची, आणि मोकळ्या जागा बीएसएने (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) बंद करायच्या. तुर्कूच्या लोकांनी पॉलिस्टायरीनच्या नॅनोकणांत युरोपियमचे हजारो कीलेट (सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेले आयन) भरून पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीतलं प्रोटीन) मोजलं तो रस्ता नवख्यासाठी सोपा, असे कण विकतही मिळतात. ९८० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडने चमकणारे इटर्बियम-अर्बियमचे अपकन्व्हर्जन कणही आहेत, त्यात यूव्ही लागत नाही, पण कण बनवायला ३०० डिग्रीच्या आसपासचं तेल आणि लेझर लागतो, ते दुसऱ्या वर्षाला ठेवा.

कणांचा स्टॉक फ्रीजमध्ये ४ डिग्रीला, गोठवायचा नाही, गोठला की गुठळ्या होतात आणि परत सुटत नाहीत. दर पंधरा दिवसांनी ती गळतीची तपासणी परत करा. फ्लोराइडचं आणि टर्बियमचं वाया गेलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता वेगळ्या प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, वर तारीख आणि "फ्लोराइड, अ‍ॅसिड टाकू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.